मेद, हृदय आणि एक विषारी सरडा

माझी एक आत्या होती. देहाने स्थूल, स्वभावाने हसरी, आणि जेवणात चारचौघींहून फार अधिक खाणारी अशी मुळीच नव्हे. आयुष्याची शेवटची वीस वर्षे तिला मधुमेह होता. मग रक्तदाब आला, मग गुडघे गेले, आणि अखेरीस हृदयाने दगा दिला. दर तीन महिन्यांनी ती डॉक्टरांकडे जाई. तिथे प्रथम वजनकाट्यावर उभे राहायचे, आकडा ऐकायचा, आणि "बाई, तोंडावर ताबा ठेवा" हा ठरलेला उपदेश पदरात घेऊन परत यायचे. घरात आम्हीही तेच बोलत असू. ती रागावत नसे; पण एकदा मला म्हणाली, "अरे, भूक लागते ती काय मी बोलावते?" या प्रश्नाचे उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हते. खरे सांगायचे तर तिच्या डॉक्टरांजवळही नव्हते.

आज वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचा मोठा बोलबाला आहे. ओझेंपिक, वेगोवी, मौंजारो ही नावे लग्नाच्या पंगतीतही कानांवर पडतात, आणि चर्चा असते ती कोणाचे किती किलो उतरले याची. परंतु पुढे कोणी वैद्यकाचा इतिहास लिहायला बसला, तर तो या औषधांची नोंद किलोंसाठी करील असे मला वाटत नाही. वजन उतरवण्याची औषधे सव्वाशे वर्षांपासून आहेत. नवल आहे ते निराळेच. वजन सोडून या औषधाने शरीराचे आणखी काय होते, हा प्रश्न त्या सव्वाशे वर्षांत जेव्हा जेव्हा विचारला गेला, तेव्हा तेव्हा त्याचे उत्तर अशुभ आले होते. या खेपेस ते प्रथमच शुभ आले. आणि गंमत अशी की ते मुळात शुभाच्या आशेने मागवलेलेच नव्हते. ते संशयापोटी मागवले गेले होते.

ही अशुभाची परंपरा आधी पाहिली पाहिजे, म्हणजे संशय का आला ते ध्यानात येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात मेंढीच्या कंठग्रंथीचा अर्क स्थूल माणसांना देण्याची प्रथा युरोपात पडली. वजन उतरे खरे, परंतु त्याबरोबर छाती धडधडू लागे आणि हाडामांसाचीही झीज होई. पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नावाचे एक पिवळे रसायन वापरात होते. ते हाताळणारे मजूर वाळत चालले, त्यांना घाम फुटे, ताप चढे, आणि त्यांतले काही दगावले. आता या गोष्टीवरून शहाण्या माणसाने त्या रसायनापासून चार हात दूर राहावे. पण १९३३ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या टेंटर आणि कटिंग या दोघांनी तेच रसायन मेद जाळण्यासाठी माणसांना देऊन पाहिले. शरीर म्हणजे जणू शेगडी, आणि हे औषध म्हणजे तिच्यावर मारलेला वारा. हजारो लोकांनी ते घेतले. दोन वर्षांच्या आत तरण्याताठ्या बायकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकू लागले. १९३८ च्या नव्या औषध कायद्याने अमेरिकन सरकारच्या हाती अधिकार आला, तेव्हा कुठे हा प्रकार आटोक्यात आला.

त्यानंतर आले ॲम्फेटामिन. भूक मरते, उत्साह वाढतो, आणि सवय जडते. १९६५ मध्ये स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनी या देशांत ॲमिनोरेक्स नावाची गोळी निघाली. तिने फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा दाब वाढून माणसे मेली, आणि १९६८ मध्ये ती बंद झाली. १९९० च्या दशकात फेनफ्लुरामिन आणि फेंटरमिन या जोडीचा अमेरिकेत सुकाळ झाला. १९९७ च्या उन्हाळ्यात मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा २४ स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली, की ज्यांच्या हृदयाच्या झडपा या जोडीच्या सेवनानंतर बिघडल्या होत्या. त्याच सप्टेंबरात फेनफ्लुरामिन बाजारातून उठले. रिमोनाबांट हे औषध युरोपात २००६ मध्ये आले आणि २००८ मध्ये गेले. त्याने माणसाचे मन खचत होते, आत्महत्येचे विचार येत होते. मग सिब्युट्रामिन. ते हृदयाला कसे मानवते हे पाहण्यासाठी सुमारे १०,००० रुग्णांवर दीर्घ चाचणी झाली, आणि निष्पन्न झाले ते असे की, ज्या हृदयविकाराच्या भयाने लठ्ठ माणसाने औषध घ्यायचे, तोच या औषधाने वाढतो. २०१० मध्ये तेही गेले.

या साऱ्या औषधांच्या मुळाशी एक समान समजूत होती. मेद म्हणजे साठलेला कचरा. तो जाळा, नाहीतर माणसाचे तोंड बांधा. भूक हा मनाचा दुबळेपणा, तेव्हा मेंदूला चाबूक मारला की काम झाले. आपल्याकडे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, एकविसाव्या अध्यायात, अतिस्थूल माणसाचे वर्णन आहे. त्यात चरकाने अशी उपपत्ती मांडली आहे की मेदाने वाटा अडल्यामुळे वायू कोठ्यात कोंडतो आणि जठराग्नीला फुंकर घालत राहतो. म्हणून स्थूल माणसाला वारंवार आणि कडकडून भूक लागते. ही शरीरक्रिया आज कोणी मानणार नाही. परंतु अतिभूक हा त्या माणसाचा अपराध नव्हे, ती व्याधीचाच भाग आहे, एवढे त्यात स्पष्ट आहे. आणि आत्याच्या प्रश्नाच्या अधिक जवळ चरकच आहे, तिचे डॉक्टर नव्हते.

* * *

आता दुसरा धागा. याचा प्रारंभ लठ्ठपणापासून फार दूर, आतड्यात आहे.

१९०२ च्या जानेवारीत लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या मेहुण्यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या नसा तोडून टाकल्या, आणि तरीही आतड्यात आम्ल पडताच स्वादुपिंडातून रस पाझरतो असे दाखवले. नसांवाचून निरोप पोचला, तो रक्तावाटे. संप्रेरक या कल्पनेचा जन्म इथला. चारच वर्षांनी, १९०६ मध्ये, लिव्हरपूल येथे मूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या आतड्याच्या अस्तराचा अर्क मधुमेह्यांना पाजून पाहिला. त्यांचा तर्क असा की आतडे जर पाचकरसासाठी स्वादुपिंडाला निरोप धाडते, तर साखरेच्या कारभारासाठीही धाडत असेल. तर्क खरा होता. पोटातून पाजलेला अर्क मात्र पचून जात होता. १९३२ मध्ये ब्रुसेल्सच्या ला बार याने आतड्यातल्या या अज्ञात द्रव्याला 'इन्क्रेटिन' असे नावही देऊन ठेवले. परंतु इन्शुलिनच्या शोधाने तोवर सारे जग दिपून गेले होते. शिवाय शिकागोच्या एका गटाने प्रयोग करून असले काही द्रव्य असल्याचा पुरावा दिसत नाही असा निर्वाळा दिला, आणि हा विषय वीस-पंचवीस वर्षे अडगळीत पडला.

तो बाहेर निघाला १९६४ मध्ये. त्याआधी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील माजी सैनिकांच्या इस्पितळात रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी रक्तातले अत्यल्प इन्शुलिन मोजण्याची रीत काढली होती. मोजमाप हाती आले की जुने वाद पुन्हा उभे राहतात. लंडनमध्ये मॅकिन्टायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तीच ग्लुकोज एकदा शिरेतून दिली, एकदा नळीने आतड्यात सोडली. शिरेतून दिली तेव्हा रक्तातील साखर अधिक चढली, पण इन्शुलिन मात्र आतड्यातून दिली तेव्हा जास्त सुटले. म्हणजे अन्न आत आल्याची वर्दी आतडे स्वादुपिंडाला देते, यात संशय उरला नाही. वर्दी देणारा कोण, तेवढे शोधायचे राहिले.

तो सापडला एका कुरूप माशात. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जोएल हॅबेनर यांच्या प्रयोगशाळेत अँगलर जातीच्या समुद्रमाशावर काम चाले. कारण या माशात इन्शुलिन आणि ग्लुकागॉन करणाऱ्या पेशींचा गोळा स्वादुपिंडापासून वेगळा, सहज काढून घेता येईल असा असतो. १९८२ मध्ये तिथे ग्लुकागॉनच्या जनुकाची उकल झाली. पुढल्याच वर्षी हॅमस्टर आणि मनुष्य यांच्या जनुकांचीही उकल दुसऱ्या एका गटाने केली. तेव्हा दिसले की एकाच लांब प्रथिनसाखळीतून ग्लुकागॉनखेरीज आणखी दोन तुकडे निघतात. पहिल्याचे नाव पडले ग्लुकागॉनसारखे पेप्टाइड एक, इंग्रजी आद्याक्षरांनी जीएलपी-१.

या तुकड्याचा नेमका कोणता भाग काम करतो हे ओळखले ते स्वेतलाना मोय्सोव्ह या युगोस्लाव्हियातून अमेरिकेत आलेल्या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी. साखळीच्या सातव्या दुव्यापासून पुढचा भाग तोच खरा, असा त्यांचा अंदाज होता. तो भाग त्यांनी स्वतः घडवला, तो आतड्यात असल्याचे दाखवले, आणि १९८७ मध्ये हॅबेनर व वायर यांच्यासह उंदराच्या स्वादुपिंडातून त्याने इन्शुलिन सुटते हे सिद्ध केले. त्याच सुमारास कोपनहेगनमध्ये येन्स होल्स्ट यांनी जठराच्या शस्त्रक्रियेनंतर रोग्यांची साखर एकाएकी का घसरते या अगदी वेगळ्या प्रश्नाचा पाठलाग करीत तेच द्रव्य गाठले होते. मोय्सोव्ह बाईंचे नाव पेटंटांवर प्रथम नव्हतेच. ते घालून घेण्यासाठी त्यांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. २०२४ चे लास्कर पारितोषिक हॅबेनर, मोय्सोव्ह आणि लोटे ब्येरे क्नुडसेन या तिघांना मिळाले. तोवर या शोधाला सदतीस वर्षे होऊन गेली होती.

औषध म्हणून मात्र जीएलपी-१ कुचकामी ठरले, कारण रक्तातले एक विकर दोन मिनिटांत त्याचे तुकडे करते. आणि इथे तो सरडा येतो.

गिला मॉन्स्टर हा अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील आणि मेक्सिकोतील वाळवंटात राहणारा मंद, लठ्ठ, काळ्या-नारिंगी अंगाचा विषारी सरडा. शेपटीत चरबी साठवून तो वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो. यालोबाईंच्याच त्या ब्राँक्सच्या इस्पितळात जॉन एंग नावाचे डॉक्टर निरनिराळ्या प्राण्यांच्या विषांत नवी संप्रेरके धुंडाळत होते. १९९२ मध्ये त्यांना या सरड्याच्या विषात एक पेप्टाइड सापडले, एक्सेंडिन-४. त्याची घडण जीएलपी-१ शी निम्म्याहून किंचित अधिक जुळत होती. त्यामुळे शरीराचे कुलूप त्याने उघडत होते, परंतु ते विकर त्याचे तुकडे करू शकत नव्हते. एंग यांच्या सरकारी खात्याने पेटंट घेण्याचे नाकारले. त्यांनी स्वतःच्या खर्चाने ते घेतले आणि गिऱ्हाईक शोधत हिंडले. २००५ मध्ये एक्सेनाटाइड या नावाने ते मधुमेहाचे औषध म्हणून बाजारात आले. दरम्यान डेन्मार्कमध्ये क्नुडसेनबाईंच्या गटाने दुसरी युक्ती केली. त्यांनी मानवी जीएलपी-१ लाच मेदाम्लाची एक शेपटी जोडली. ही शेपटी रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून राहते, आणि औषध तासन् तास टिकते. हेच लिराग्लुटाइड. त्याच्या पुढची पिढी सेमाग्लुटाइड, जे आठवड्यातून एकदा टोचले की पुरते.

या औषधांनी वजन उतरते हे कळले ते वाटेत जाता जाता. लंडनच्या हॅमरस्मिथ इस्पितळात ब्लूम यांच्या गटाने १९९६ मध्येच दाखवले होते की जीएलपी-१ उंदराच्या मेंदूत सोडले तर उंदीर खाणे थांबवतो. आतड्याची वर्दी स्वादुपिंडालाच नव्हे, मेंदूलाही जाते: पुरे झाले. काही माणसांत ही वर्दी क्षीण असते, मेंदूला ती ऐकू येत नाही, म्हणून ताट रिकामे झाले तरी भूक शमत नाही. "भूक लागते ती काय मी बोलावते?" हे वाक्य मला अशा ठिकाणी आठवते.

* * *

संशयाची गोष्ट आता सांगता येईल. २००७ च्या मे महिन्यात क्लीव्हलंडचे हृदयरोगतज्ज्ञ स्टीव्हन निसेन यांनी मधुमेहाच्या एका फार खपाच्या गोळीबद्दल, रोसिग्लिटाझोनबद्दल, ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र करून लेख लिहिला. साखर उतरवणारी ही गोळी हृदयविकाराचा झटका येण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी वाढवते, असे त्यात होते. या आकड्यावर पुढे पुष्कळ वाद झाला. परंतु एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांत भरली. मधुमेही मरतो तो बहुधा हृदयाने. आणि त्याचे औषध मात्र तोवर मंजूर होई ते रक्तातील साखरेच्या आकड्यावर. डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकन औषध प्रशासनाने फर्मान काढले की यापुढे मधुमेहाच्या प्रत्येक नव्या औषधाने आपण हृदयाला अपाय करीत नाही, हे दाखवून दिले पाहिजे.

कंपन्यांनी कुरकुर केली. हजारो रुग्ण, वर्षानुवर्षे पाठपुरावा, कोट्यवधींचा खर्च, आणि हे सारे कशासाठी, तर आपण निरुपद्रवी आहोत एवढे सिद्ध करण्यासाठी! सरड्याच्या विषावरून बेतलेले लिक्सिसेनाटाइड २०१५ मध्ये या परीक्षेत जेमतेम उत्तीर्ण झाले. अपाय नाही, उपायही नाही. पुढल्या वर्षी लिराग्लुटाइडचा निकाल लागला. ९,३४० मधुमेही, जवळजवळ चार वर्षे. खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांत हृदयविकाराने अथवा तत्सम कारणाने ६ टक्के माणसे दगावली होती. औषध घेणाऱ्यांत ४.७ टक्के. निर्दोष सुटावे म्हणून न्यायालयात उभा केलेला आरोपी बक्षीस घेऊन बाहेर पडावा, तसा हा प्रकार झाला. त्याच साली सेमाग्लुटाइडचाही निकाल तसाच लागला. त्यात एक उणी बाजूही होती, ती लपवू नये. साखर झपाट्याने उतरलेल्या काही जुन्या मधुमेह्यांच्या डोळ्यांतील पडद्याचा विकार बळावला होता.

यापुढचा प्रश्न उघडच होता. ज्याला मधुमेह नाही, पण अंगावर मेद आहे आणि हृदय एकदा दुखावलेले आहे, त्याचे काय? त्यासाठी ४१ देशांत १७,६०४ माणसे घेतली गेली. वय ४५ च्या पुढे, बीएमआय म्हणून जो उंची-वजनाचा हिशेब डॉक्टर करतात तो २७ अथवा अधिक. २०२३ च्या नोव्हेंबरात निकाल जाहीर झाला. सुमारे ४० महिन्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तसा मृत्यू खोट्या इंजेक्शनवाल्यांत ८ टक्क्यांना आला, सेमाग्लुटाइडवाल्यांत ६.५ टक्क्यांना. हा वीस टक्क्यांचा फरक. कोणी म्हणेल, शंभरात दीड माणूस, त्यात एवढे काय? ज्याच्या घरातला तो दीड माणूस असतो त्याला विचारावे.

मला अधिक मोलाची वाटते ती या निकालाच्या आतली गोष्ट. दोन गटांतला फरक पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागला होता, वजन पुरते उतरण्याच्या कितीतरी आधी. पुढे २०२५ मध्ये याच आकड्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा असे आढळले की ज्यांचे वजन पुष्कळ उतरले आणि ज्यांचे थोडेच उतरले, त्या दोघांच्याही हृदयाला लाभ जवळपास सारखाच झाला. कमरेचा घेर कमी झाल्याच्या खाती या लाभाचा सुमारे एक तृतीयांश भाग घालता येतो. बाकीचा कुठून आला? अंगातला दाह, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत सतत धुमसणारी आग, हे औषध शमवते असे दिसते. रक्तदाब थोडा उतरतो. रक्तातील चरबी सुधारते. या सर्वांची नेमकी वाटणी अजून कोणी केलेली नाही. सव्वाशे वर्षे वैद्यकाने वजन हे कारण मानले आणि बाकी सारे कार्य. इथे वजन उतरणे हेच एका मोठ्या घडामोडीचे केवळ बाहेरून दिसणारे चिन्ह असावे, असे दिसू लागले.

मग शरीराची एकेक खोली उघडली गेली. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या ३,५३३ मधुमेह्यांची चाचणी तर ठरल्या वेळेआधीच थांबवली गेली, कारण औषधाचा गुण स्पष्ट झाला होता. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात मूत्रपिंड निकामी होण्यासारखे गंभीर प्रसंग २४ टक्क्यांनी कमी होते. डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीनदा बसणारा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला या आकड्याचे वजन सांगायला नको. झोपेत श्वास अडकून घोरणाऱ्यांना तिर्झेपाटाइडने, म्हणजे मौंजारोतल्या द्रव्याने, चांगला आराम पडला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यासाठी ते अमेरिकेत मंजूर झाले. मेदाने सुजलेल्या यकृताची सूज सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी जवळजवळ ६३ टक्क्यांत ओसरली. खोटे इंजेक्शन घेणाऱ्यांत हेच प्रमाण ३४ टक्के. गुडघ्याच्या संधिवातात वेदना कमी झाल्या. इथे मात्र वजनाचाच हात मोठा असणार, कारण गुडघा हा भार वाहणारा हमाल आहे.

परंतु एखादे औषध यशस्वी झाले की त्याला अमृत म्हणण्याची घाई सुटते, आणि हीही परंपरा जुनी आहे. मेंदूच्या बाबतीत असेच झाले. उंदरांवरील प्रयोगांवरून, आणि हे औषध घेणाऱ्या मधुमेह्यांत स्मृतिभ्रंश कमी दिसतो या निरीक्षणावरून, पुष्कळ आशा धरल्या गेल्या. २०२५ च्या फेब्रुवारीत लंडनहून कंपवाताचा निकाल आला: एक्सेनाटाइडने दोन वर्षांत काही फरक पडला नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अल्झायमरच्या दोन मोठ्या चाचण्यांचा निकाल लागला. सेमाग्लुटाइडने विस्मृतीची घसरण मंदावली नाही. दारूच्या व्यसनाबाबत ४८ माणसांची एक छोटी चाचणी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत पिण्याची ओढ कमी झाली, एका बैठकीतले पेलेही घटले, पण पिण्याचे दिवस घटले नाहीत. एवढ्यावरून कोणी दारूबंदीचे इंजेक्शन आले म्हणून नाचू नये.

तोटेही आहेत. मळमळ, वांती, बद्धकोष्ठ यांपायी १७ हजारांच्या त्या चाचणीतून औषधवाल्यांपैकी पुष्कळ जण बाहेर पडले. त्रासामुळे कायमचे सोडणारे १६.६ टक्के होते, खोट्या इंजेक्शनवाल्यांत ८.२ टक्के. मेदाबरोबर स्नायूही काही प्रमाणात झडतो, आणि म्हाताऱ्या माणसाला स्नायू गमावणे परवडत नाही. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा तुटून दृष्टी जाण्याचा एक अतिविरळ विकार सेमाग्लुटाइडने होऊ शकतो, असे युरोपच्या औषध संस्थेने २०२५ मध्ये मान्य केले. आणि औषध थांबवले की? एका चाचणीतील माणसांना औषध बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले, आणि त्याबरोबर रक्तदाब-साखरेत झालेली सुधारणाही बव्हंशी ओसरली. म्हणजे हे चष्म्यासारखे आहे. काढला की पुन्हा अंधुक.

* * *

या साऱ्या इतिहासात पुण्याचा एक फोटो आहे, आणि तो आपल्याकडे जितका माहीत असावा तितका नाही. २००४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात दोन मित्रांचे छायाचित्र छापून आले. एक पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे इंग्लंडचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय एकच, २२.३. वजनकाट्याच्या भाषेत दोघेही सडपातळ. परंतु मेद मोजला तेव्हा युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाला आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून मेदस्वी असतो, आणि हा मेद पोटाच्या आत, यकृताभोवती, जिथे तो सर्वांत घातक तिथे साठतो. याज्ञिकांनी हे जन्मापासून चालत आलेले दाखवले. पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेली बालके सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण पुण्याच्या बाळाच्या पाठीवरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. कमी होते ते मांस.

आता हे त्या चाचण्यांशेजारी ठेवून पाहावे. त्यांतल्या काही चाचण्यांच्या दारावर वजनकाटा ठेवला आहे. बीएमआय २७, कुठे ३०, त्याखाली प्रवेश नाही. आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेघ २५ वर आणली ती याच कारणाने. पण त्या रेघेखालीही असंख्य माणसे राहतात. ज्या चाळिशीतल्या कारकुनाचे हात-पाय काटकुळे, पोट तेवढे पुढे, साखर वाढलेली आणि वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेलेले, त्याला काटा सांगतो की तू ठीक आहेस. औषधाचा लाभ जर वजनापलीकडचा असेल, तर तो याला व्हायला हवा. पण तसे पुरते मोजून पाहिलेले नाही, कारण वजनकाटा ठेवलेल्या दारातून तो आत जात नाही. उलट, ज्याला लग्नाच्या शालूत वा कोटात मावायचे आहे, त्याला हे औषध पैसे टाकले की मिळते. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, आणि इथल्या औषध कंपन्यांनी त्या तारखेची तयारी कितीतरी आधीपासून चालवली होती. किंमत उतरणे ही चांगली गोष्ट. मात्र उतरल्या किमतीचे औषध प्रथम कोणाच्या दंडात जावे, मूत्रपिंड धोक्यात असलेल्या शेतमजुराच्या की चार किलोंनी कष्टी झालेल्या श्रीमंताच्या, हा प्रश्न कोणतीही कंपनी स्वतः होऊन विचारणार नाही.

आत्या गेल्यावर तिच्या कपाटात डॉक्टरांच्या कागदांची एक जाड फाईल सापडली. मी ती परवा पुन्हा काढून पाहिली. वीस वर्षांच्या प्रत्येक भेटीची तारीख तिच्यात आहे, आणि प्रत्येक तारखेपुढे पहिला आकडा वजनाचा आहे, तोही लाल शाईत. साखर आहे, रक्तदाब आहे. कमरेचा घेर एकदाही मोजलेला नाही. लघवीतील प्रथिन तपासल्याची नोंद दोनदा, तीही शेवटच्या वर्षातली. शेवटच्या पानावर वजन सहा किलोंनी उतरलेले आहे, आणि त्यापुढे डॉक्टरांनी लिहिले आहे, 'सुधारणा'. ती तारीख तिच्या मृत्यूच्या अगोदर अकरा दिवसांची आहे.